निमित्ताला एक तारीख

कॉलेजातल्या एका वर्गाची मुलं पन्नाशीला एकापाठोपाठ एक पोचतात. कुणी जानेवारीत, कुणी भर पावसात, कुणी डिसेंबरच्या अगदी टोकाला. पण वर्ष-दीड वर्षाच्या आत सगळी रांग तो आकडा ओलांडून जाते. आमच्या वर्गाचं ते वर्ष सध्या चालू आहे. ६० जणांचा वर्ग, म्हणजे आठवड्याला एखादा वाढदिवस ठरलेलाच. सकाळी फोन हातात घ्यावा तर ग्रुपवर पहिली शुभेच्छा येऊन पडलेली असते. तिच्यामागोमाग फुलं, फुगे, रंग उडालेले जुने फोटो येतात आणि दुपारपर्यंत त्या माणसाची कॉलेजातली सगळी कुंडली मांडून होते.

मला हे वर्ष फार आवडतं आहे. यातल्या कितीतरी जणांचा आवाजही मी मधली सगळी वर्षं ऐकला नव्हता. या वर्षी मी एक नेम धरला आहे. ज्याचा वाढदिवस असेल त्याला फोन करायचा. ग्रुपवर चार शब्द लिहायचेच, पण तिथे थांबायचं नाही. या फोनांनी मला जे दिलं, ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या वर्गाचं आणि वाढदिवसांचं नातं जुळलं ते पहिल्या वर्षी, संख्याशास्त्राच्या तासाला. सर वर्गात आले आणि त्यांनी विचारलं, की या वर्गात कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती वाटते? कुणी दहा टक्के म्हणालं, कुणी वीस. वर्षाचे दिवस ३६५ आणि आम्ही ६०, तेव्हा तसं वाटणं साहजिकच होतं. मग सरांनी एकेकाला उभं करून तारीख आणि महिना सांगायला लावला. निम्मा वर्गही झाला नव्हता, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी एकदमच ओरडली. दोघांची तारीख एकच होती. पुढे आणखीही जोड्या निघाल्या, पण लक्षात राहिली ती हीच. त्यानंतर सरांनी खडू हातात घेतला. २३ माणसं जमली की ही शक्यता निम्म्याच्या वर जाते आणि ६० जमली की ९९ टक्क्यांच्याही पुढे, कारण इथे माणसं मोजून चालत नाही, त्यांच्या जोड्या मोजाव्या लागतात. ६० जणांच्या जोड्या होतात १७७०. मला त्या विषयातलं पुढचं फारसं आठवत नाही. हे मात्र आजही कुणालाही समजावून सांगू शकते.

ती दोघं पुढे जिवाभावाची मित्र झाली. त्यांचा वाढदिवस एकत्रच व्हायचा आणि वर्ग तो वर्गाचाच समजायचा. कॉलेज संपल्यावर एक एका टोकाला गेला, दुसरी दुसऱ्या. तो नव्वदीच्या दशकातला शेवट होता. मोबाइल कुणाकडे नव्हता. निरोपाच्या दिवशी आम्ही एकमेकांच्या वहीत पत्ते लिहून दिले ते आईवडिलांच्या घरचे, आणि पाच-सात वर्षांत त्यातले निम्मे पत्ते खोटे ठरले. घरं बदलली, घरचे फोन नंबर बदलले, मैत्रिणींची आडनावं बदलली. पुढे इंटरनेट आलं तेव्हा शोधायचं तरी कोणत्या नावाने, असा प्रश्न होता. भांडण झालं नाही, कुणी कुणाला तोडलं नाही, तरी माणसं दिसेनाशी झाली. बहुतेक मैत्र्यांचं असंच होतं.

या दोघांचं तसं झालं नाही. स्वतःचा वाढदिवस विसरता येत नाही, म्हणून दुसऱ्याचाही विसरला गेला नाही. आधी पत्र, मग ईमेल, मग फोन. वर्षातून एकदा का होईना, पण चुकलं नाही. काही वर्षांपूर्वी सगळ्या वर्गाला शोधून काढायचं ठरलं तेव्हा धाग्याची ही दोन टोकंच काय ती शाबूत होती. त्याला त्याच्या बाजूचे चौघं ठाऊक, तिला तिच्या बाजूच्या पाच-सहा जणी. त्या प्रत्येकाला आणखी दोघं-तिघं. असं करत करत वर्ग गोळा झाला.

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या सेलिन केसेबिर आणि शिगेहिरो ओइशी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. मित्रमैत्रिणींचे कोणते वाढदिवस माणसाच्या लक्षात राहतात, हे त्यांनी पाहिलं. उत्तर असं निघालं, की जे आपल्या स्वतःच्या वाढदिवसाच्या आसपास येतात ते जास्त लक्षात राहतात. आपल्या तारखेपासून जितकं दूर जावं तितकी आठवण पुसट होत जाते. हे वाचल्यावर मला फार हायसं वाटलं. माझा जन्म ऑगस्टचा. जुलै-ऑगस्टमधले सगळे मला तोंडपाठ आणि जानेवारी-फेब्रुवारीतले कायम निसटणारे. त्यात मायेचा काही संबंध नाही, मन तसं चालतंच. म्हणून वर्षाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या माणसांच्या तारखा सरळ लिहून ठेवाव्यात. त्यात कोरडेपणा नाही. उलट लिहून ठेवण्याइतकं ते माणूस आपल्याला हवं आहे, हेच त्यातून दिसतं.

आमच्या खोलीत अशी यादी होती. वसतिगृहाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, खडूने लिहिलेली. ती लिहिली होती माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने. तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण या वर्षीचा माझा पहिला फोन तिला होता आणि तो करायला मला सगळ्यात जास्त धीर गोळा करावा लागला.

तिच्याशी अनेक वर्षं बोलणं नव्हतं. ग्रुपवर ती होती, पण क्वचित काही लिहायची. वाढदिवसाच्या सकाळी तिचा नंबर समोर काढून मी बराच वेळ बसले होते. कामात असेल का? आवाज ओळखेल का? चार वाक्यं झाल्यावर पुढे काय बोलायचं? आणि इतक्या वर्षांनी फोन केला तर हिला काहीतरी काम असणार, असं तिला वाटलं तर? ज्या मुलीसमोर मी रडले, भांडले, तिचे कपडे न विचारता घातले, तिच्याशी बोलायला मला विषय सुचत नव्हता.

ही भीती सार्वत्रिक आहे, हे मला नंतर कळलं. लारा ॲक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अशा जुन्या मित्राला निरोप लिहायला सांगितलं होतं, ज्याला आपली खबर आवडेल याची त्यांना खात्री होती. निरोप लिहायला वेळ दिला, तो लिहून झाला, आता फक्त पाठवायचा होता. तरी तिघांपैकी जेमतेम एकाने तो पाठवला. जुन्या मित्राशी बोलणं लोकांना अनोळखी माणसाशी बोलण्याइतकंच जड वाटत होतं. मला त्या अभ्यासातली एक गोष्ट विशेष आवडली. ज्यांना आधी काही मिनिटं सध्याच्या जवळच्या मित्रांना निरोप पाठवायला लावले, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांनी नंतर तो जुना निरोपही पाठवून टाकला. हात मोकळा व्हावा लागतो, इतकंच.

आणि निरोपापेक्षा आवाज बरा. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जणांना जुन्या ओळखीशी ईमेलवर बोलायला सांगितलं, काहींना फोनवर. आधी सगळ्यांना वाटत होतं, की फोनवर अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात फोनवर अवघडलेपण जास्त नव्हतं आणि जवळीक मात्र जास्त वाटली. हे निष्कर्ष ठाऊक नसताना मी जे अनुभवलं ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

कारण तिने फोन उचलला आणि मी "हॅलो" म्हणाले, तेवढ्यावर पलीकडून माझं वसतिगृहातलं टोपणनाव आलं. ते नाव माझ्या नवऱ्याला माहीत नाही, मुलांना माहीत नाही, ऑफिसात कुणाला माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

"अगं, तुझ्या लक्षात आहे आजचा दिवस?"

"कपाटाच्या दारावर तूच नव्हतं का लिहिलंस? सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात."

"कसलं कपाट?"

ती यादी ती साफ विसरली होती. स्वतःच्या हाताने लिहिलेली, दर महिन्याला पुसून पुन्हा लिहिलेली, कुणाच्या वाढदिवसाला सगळ्या मजल्याला जागं करायचं हे ठरवणारी यादी. मी तिला ती रंगासकट सांगितली. पांढरा खडू संपला की ती वर्गातून हिरवा आणायची, म्हणून काही नावं हिरवी असायची. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणि तू मला वाचून दाखवायचीस ते?"

आता विसरायची पाळी माझी होती. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या आधी ती तापाने पडली होती. डोळे उघडवत नव्हते. तर म्हणे मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून तिच्याच वहीतून तिला नोट्स वाचून दाखवायचे, तिचा विषय माझा नसताना. "तुझ्या आवाजात पास झाले मी," असं ती म्हणाली. मला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. त्या परीक्षेबद्दल माझ्याकडे फक्त एका अवघड पेपरची आठवण शिल्लक आहे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या मुलीचा विचार करत होते. मैत्रिणीचा नव्हे, वाचून दाखवणाऱ्या मुलीचा. ती मी होते आणि मला ठाऊक नव्हती. माझ्या आयुष्याचा एक तुकडा इतकी वर्षं दुसऱ्या कुणाच्या डोक्यात सुखरूप राहिला आणि तिचा एक तुकडा माझ्याकडे. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडलं होतं, की जवळची माणसं आठवणी आपापसांत वाटून घेतात. सगळं प्रत्येकाने लक्षात ठेवायची गरज नसते, कुणाकडे काय आहे हे माहीत असलं की पुरतं. त्याने हे मुख्यतः जोडप्यांबद्दल आणि एकत्र काम करणाऱ्यांबद्दल सांगितलं. पण खोलीतली मैत्रीण दिसेनाशी झाली की तिच्याकडे ठेवलेलं आपलंही जातं, ते मी त्या दिवशी स्वतः पाहिलं. आणि ते परतही मिळतं, फक्त विचारायला हवं.

विशीतल्या आठवणी इतक्या लख्ख का, याचंही उत्तर संशोधकांनी शोधलेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या घटना सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली हे ठळकपणे दाखवलं आणि पुढे ते पुन्हा पुन्हा दिसत आलं. पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी त्या वयात एकावर एक येतात. आपण कोण हे ठरतं तेही तेव्हाच. त्या वेळी शेजारी जी माणसं असतात, ती त्या ठरण्यात असतात.

शिवाय तेव्हा वेळ होता. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी मैत्रीला किती तास लागतात हे मोजायचा प्रयत्न केला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. वसतिगृहात २०० तास काही आठवड्यांत सरतात, तेही कुणी न मोजता. आता पन्नाशीत कुणा नव्या माणसाला मी २०० तास कुठून देणार? नव्या ओळखी होतात, त्यांतल्या काही मला प्रिय आहेत. पण जुन्या मैत्रिणीसोबतचे ते तास आधीच जगून झालेले असतात आणि मध्ये कितीही वर्षं गेली तरी ते कुणी परत घेत नाही. म्हणून तर पाचव्या मिनिटाला बोलणं जिथे थांबलं होतं तिथून सुरू होतं.

इथे एक गोष्ट मला जरा जोर देऊन सांगायची आहे. ग्रुपवरची शुभेच्छा आणि फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीने दुसरीचं काम होत नाही. ग्रुपवर सगळे बघत असतात. तिथे वाढदिवसाच्या माणसाला "धन्यवाद मित्रांनो" यापलीकडे काही लिहिता येत नाही. आमच्यातला एक जण, वर्गात सगळ्यांत हसरा. त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी ग्रुपवर नुसता धबधबा होता. त्यानेही हात जोडलेलं चित्र टाकलं. संध्याकाळी मी फोन केला. सुरुवातीला तोच हसरा आवाज. मग मी विचारलं, "आणि बाकी?" बाकी असं होतं, की नोकरी गेली होती. घरी बायकोला माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नाही. सकाळपासून "अजून पन्नास वर्षं अशीच जोरात" असं वाचून त्याला घुसमटल्यासारखं झालं होतं. ते तो ग्रुपवर सगळ्यांना सांगणार कसा? मला सांगितलं, कारण मी एकटी होते आणि विचारलं होतं.

मी काही उपाय सांगितला नाही, माझ्याकडे नव्हताच. पण त्याच्या परवानगीने वर्गातल्या दोघांच्या कानावर ते घातलं, जे त्याच क्षेत्रात आहेत. डॅनियल लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं होतं, की कामाच्या अडचणीत सुप्त पडलेल्या जुन्या ओळखी जागवल्या तर त्यांच्याकडून फार उपयोगी सल्ला मिळतो. मधल्या वर्षांत ती माणसं निराळ्या वाटांनी गेलेली असतात, त्यांना आपल्याला ठाऊक नसलेलं ठाऊक असतं, आणि जुना विश्वास तसाच असतो. आमच्या मित्राच्या बाबतीत हेच झालं. त्याला काम मिळालं की नाही हे सांगायचा अधिकार त्याचा आहे. एवढं सांगते, की आता तो स्वतःहून फोन करतो.

सगळ्यांना हे हवं असतं असं नाही. एकीने स्पष्ट सांगितलं, "मला माझा वाढदिवस आवडत नाही, त्या दिवशी नको, एरवी कधीही कर." कारण मी विचारलं नाही. तिला मी दुसऱ्याच एका दिवशी फोन करते आणि त्या दिवसाचं नाव काढत नाही.

आणि एक तारीख अशी आहे, जिचा माणूस नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. ग्रुपवर त्या दिवशी आधी काय करावं कुणालाच कळायचं नाही. फुलं टाकावीत तर ती कसली समजायची? मग त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राने तोडगा काढला. त्या दिवशी काकूंना फोन करायचा. त्याच्या आईला आम्ही सगळेच काकू म्हणायचो. आता वाढदिवसाला त्यांना आमच्यातले तीन-चार जण ठरवून, वेळा वाटून फोन करतात. त्या आमच्या मुलांची नावानिशी चौकशी करतात. गेल्या खेपेला मी त्यांना सांगितलं, की तो प्रयोगशाळेत कुणाचा निकाल चुकला की स्वतःचे आकडे गुपचूप दाखवायचा. त्या म्हणाल्या, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं." आणि मग म्हणाल्या, "अजून सांग." त्यांच्या मुलाबद्दलची नवी गोष्ट त्यांना आता फक्त आमच्याकडूनच मिळू शकते. त्याच्या आठवणी आम्ही सगळ्यांनी मिळून एका वहीत उतरवायला घेतल्या आहेत, म्हणजे दर वर्षी कुणाकडे तरी सांगायला एखादी असेल.

सगळ्यात मजेशीर तारीख आमच्या एका मैत्रिणीची आहे, २९ फेब्रुवारी. १४६१ दिवसांतून एकदा येणारी. पन्नासावा वाढदिवस तिच्या नशिबात त्या तारखेला नव्हताच, कारण ५० ला ४ ने भाग जात नाही. कॉलेजात असताना आम्ही तिला २८ च्या रात्री बाराच्या ठोक्याला उठवायचो, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा असा तो क्षण गाठायचा. या वर्षीही तसंच केलं. बारा वाजायला काही सेकंद असताना जमतील तेवढे सगळे एकाच व्हिडिओ कॉलवर आलो. ज्यांच्या देशात तेव्हा दुपार होती ते ऑफिसातून उठून जिन्यात उभे होते. ती झोपेतून उठून केस बांधत पडद्यावर आली आणि म्हणाली, "तुम्ही अजून सुधारला नाहीत रे!"

खरी २९ तारीख आता २०२८ मध्ये येते. तिच्या हिशेबाने तो तिचा तेरावा वाढदिवस. त्या दिवशी सगळ्या वर्गाने प्रत्यक्ष भेटायचं, असं त्याच कॉलवर ठरलं. वार मंगळवार आहे, म्हणून दोघांनी लगेच कुरकुर केली की रविवार धरू या. त्यावर संख्याशास्त्राच्या तासातली ती जोडी एकदमच बोलली, की तारीख हलवायची नाही. आता जागा ठरायची आहे, काकूंना कुणी आणायचं ते ठरायचं आहे आणि वर्गातले तिघं अजून सापडायचे आहेत. त्यांतल्या एकाचा वाढदिवस मला माहीत आहे, ऑगस्टचा आहे तो. बाकी दोघांचं काम मी कपाटाच्या दारावर यादी लिहिणारीवर सोपवलं आहे.